महाराष्ट्राचे स्वतःचे संशोधन: निधी, सातत्य आणि सहकार्य

भारतातल्या वैज्ञानिक संस्थांचा नकाशा काढला तर महाराष्ट्राइतका भरगच्च भाग क्वचितच दुसरा सापडेल. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, आयुका, आयसर आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकी आणि लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संस्था आहेत. ही यादी अभिमानाची आहे आणि राज्यकर्ते ती अभिमानाने सांगतातही. पण यांतल्या जवळपास प्रत्येक संस्थेचा पैसा दिल्लीहून येतो, माणसे देशभरातून निवडली जातात आणि कामाची दिशा राष्ट्रीय पातळीवर ठरते. त्या तशाच असायला हव्यात. त्यांचे कामच ते आहे. मात्र एखादी संस्था राज्यात असणे आणि राज्याला स्वतःची संशोधनक्षमता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रदेशाचे प्रश्न संशोधनाच्या रूपात मांडता येणे, त्यांवर काम करणारी माणसे आणि साधने आपल्या विद्यापीठांत असणे आणि ते काम दहा-पंधरा वर्षे न थांबता चालेल इतका भरवशाचा पैसा हाती असणे, याला राज्याची क्षमता म्हणता येईल. या कसोटीवर महाराष्ट्र आज फार मागे आहे. कायद्याने बांधलेला संशोधननिधी आणि बरोबरीच्या नात्याचे सहकार्य या दोन मार्गांनी ही उणीव भरून काढता येते, असे या प्रश्नाचा देशातला आणि बाहेरचा इतिहास सांगतो.

आधी देशाचे चित्र पाहू. भारत आपल्या सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के संशोधन आणि विकासावर खर्च करतो. चीनचा वाटा याच्या तिपटीहून जास्त आहे, तर दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. ही तुलना वारंवार होते. मात्र त्या ०.६४ टक्क्यांच्या आत काय आहे, याची चर्चा फारशी होत नाही. २०२०-२१ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशाच्या एकूण संशोधनखर्चात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४ टक्के, उच्च शिक्षणसंस्थांचा ८.८ टक्के आणि सर्व राज्य सरकारांचा मिळून ६.७ टक्के होता. राज्यांच्या या छोट्या वाट्यातला मोठा भाग कृषी संशोधनाकडे जातो. म्हणजे शेती वगळता आरोग्य, पाणी, ऊर्जा, पर्यावरण, भूविज्ञान, रसायन अशा विषयांत राज्ये जवळजवळ काहीच खर्च करत नाहीत. दुसरीकडे निती आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार देशातले ८१ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात आणि त्याच विद्यापीठांत प्राध्यापकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिकामी आहेत. संशोधनाचा पैसा मोजक्या केंद्रीय संस्थांत आणि संशोधक होऊ शकणारी बहुसंख्य मुले राज्य विद्यापीठांत, अशी ही विभागणी आहे. बुलडाण्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलीला चालती प्रयोगशाळा दिसण्याची शक्यता या विभागणीमुळे फार कमी होते.

ही स्थिती पूर्वापार नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे हाफकिन संस्था झाली आणि ती आजही राज्य सरकारची आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. देशाच्या रसायन, औषध आणि रंग उद्योगाला या विभागाने माणसे आणि तंत्र दोन्ही दिली. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये उभी राहिली, तेव्हा मुंबई सरकार तिचे सहसंस्थापक होते आणि १९५५ च्या करारात केंद्र सरकार आणि दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या जोडीला तिसरा पक्ष राज्य सरकारच होते. म्हणजे या भूमीवरचे शासन एके काळी मूलभूत विज्ञानातही पैशांनिशी उतरत होते. याच्या उलट बाजूचा धडाही इथल्याच इतिहासात आहे. जमशेदजी टाटांनी विज्ञानसंस्थेसाठी जी मालमत्ता दिली ती मुंबईतली होती. पण म्हैसूर संस्थानाने ३७० एकरांहून अधिक जमीन आणि आर्थिक साहाय्य देऊ केले, म्हणून भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये बंगळूरला स्थापन झाली. एका प्रादेशिक शासनाने वेळेवर घेतलेल्या निर्णयाचे फळ ते शहर शंभर वर्षांहून अधिक काळ चाखत आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने एका क्षेत्रात मात्र स्वतःची क्षमता जाणीवपूर्वक उभारली. ते क्षेत्र म्हणजे शेती. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे चार कृषी विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचे वेतन आणि संशोधन केंद्रांचा खर्च मुख्यतः राज्याने उचलला, तर भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या समन्वित प्रकल्पांनी देशपातळीवरची साथ दिली. फळे शब्दशः बाजारात दिसतात. आज सोलापूर-नाशिक पट्ट्यातल्या डाळिंबाचे अर्थकारण ज्या ‘भगवा’ वाणावर उभे आहे, तो राहुरीचा. ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंब्याचे वाण दापोलीचे आणि हापूसला एक वर्षाआड येणारा बहर दरवर्षी धरता यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोलच्या मात्रेवर झालेले कामही तिथलेच. यातले काहीही तीन वर्षांच्या प्रकल्पात झालेले नाही. फळझाडाचा एक संकर तपासायला दशकभर लागते. पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या प्रक्षेत्रांना आणि त्यांवर राबणाऱ्या कायम नोकरीतल्या माणसांना पैसा मिळत राहिला, म्हणून ते शक्य झाले. अलीकडच्या काळात याच विद्यापीठांत रिक्त पदांनी प्रक्षेत्रे ओस पडू लागली आहेत. उभी केलेली क्षमता सांभाळली नाही तर ती विरते, हेही त्यातून दिसते.

उसाची कथा तर निधी आणि सहकार्य या दोन्हींचा उत्तम पाठ आहे. महाराष्ट्राच्या हवामानात उसाला हवा तसा तुरा येत नाही आणि संकरासाठी लागणारे बी इथे सहज धरत नाही. म्हणून कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत देशभरातल्या केंद्रांसाठी संकर केले जातात आणि ते बी राज्यांकडे येते. पुढची वर्षानुवर्षांची निवड आपापल्या मातीत होते. महाराष्ट्रात हे काम १९३२ पासून पाडेगावच्या संशोधन केंद्रात चालते. कोईमतूरचा ‘को ८६०३२’ इथल्या शेतकऱ्याच्या हाती पडला तो पाडेगावच्या चाचण्यांनंतर आणि ‘फुले २६५’ हा वाण तर पाडेगावचाच. एक केंद्र जे करू शकत नाही ते दुसरे करते आणि दोघांचे काम एकमेकांवाचून अपुरे राहते, हा सहकार्याचा खरा नमुना आहे. जोडीला मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहा. १९७५ मध्ये साखर उद्योगाने आपल्या गरजेसाठी ही संस्था उभारली आणि गाळप केलेल्या उसाच्या टनामागे ठरावीक रक्कम कारखान्यांनी तिला द्यायची, अशी पद्धत बसवली. संशोधनाचा पैसा दरवर्षी मंत्रालयात जाऊन मागायचा नाही, तो उत्पादनाशी जोडलेल्या सूत्रानुसार आपोआप यायचा, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ती इथल्या सहकारी चळवळीने राबवून दाखवली आहे. प्रश्न इतकाच की, जे उसाला केले ते विज्ञानाच्या बाकीच्या शाखांना का केले नाही.

पारंपरिक विद्यापीठांतले वास्तव याच्या विरुद्ध टोकाचे आहे. पदभरती आकृतिबंध, वित्त विभागाची मान्यता आणि न्यायालयीन वाद यांत वर्षानुवर्षे अडकते. विभाग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालतात. ज्याचे मानधन घड्याळी तासांवर मोजले जाते त्याच्याकडून पाच वर्षांच्या संशोधन कार्यक्रमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. केंद्राच्या योजनेतून एखादे महागडे उपकरण येते. पण त्याचा वार्षिक देखभाल करार, त्याला लागणारे वायू आणि रसायने, ते चालवणारा तंत्रज्ञ यांची तरतूद नसते. दोन-तीन वर्षांत उपकरण बंद पडते. मंजूर अनुदानाचा हप्ता आर्थिक वर्षाच्या शेवटी पोचतो आणि ३१ मार्चपूर्वी खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते, म्हणून जे गरजेचे ते न घेता जे लगेच मिळते ते घेतले जाते. राज्य या क्षेत्रात अजिबात पैसा घालत नाही, असेही नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमार्फत पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्य अधिछात्रवृत्ती देते. ज्या घरांतून पूर्वी कोणी संशोधनाकडे वळले नव्हते त्या घरांतली मुले यामुळे या वाटेवर आली. ही मोठी सामाजिक कामगिरी आहे. पण विद्यार्थ्याला वृत्ती मिळते आणि तो ज्या प्रयोगशाळेत काम करणार तिला काहीच मिळत नाही. शिवाय वृत्तीचे पैसे वेळेवर यावेत म्हणून संशोधकांना आंदोलने करावी लागली आहेत. माणसावरचा खर्च आणि प्रयोगशाळेवरचा खर्च यांची सांगड नसल्याने दोन्हींचे पूर्ण फळ पदरात पडत नाही. कोरडवाहू शेतीला पाऊस कधी आणि किती पडेल याचा भरवसा नसतो, तशी राज्यातल्या संशोधकाची अवस्था आहे. अशा स्थितीत माणूस कमी जोखमीचे आणि कमी मोलाचे काम निवडतो.

या अवस्थेतून एखादे राज्य बाहेर पडू शकते का? ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने हे करून दाखवले आहे आणि त्याची तुलना महाराष्ट्राशी फार जवळून जुळते. तेही आपल्या देशातले सर्वांत औद्योगिक राज्य आहे, तिथेही ऊस आणि संत्री ही पिके राजकारणाइतकी महत्त्वाची आहेत आणि विषमताही तशीच तीव्र आहे. १९४७ च्या आपल्या राज्यघटनेत साओ पावलोने राज्याच्या महसुलाचा किमान अर्धा टक्का संशोधनासाठी राखून ठेवला. त्यावर प्रत्यक्ष काम करणारी ‘फापेस्प’ ही संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. १९८९ च्या नव्या राज्यघटनेने हा वाटा एक टक्का केला आणि तो महिन्यामहिन्याला वळता करण्याची सोय केली. संस्थेच्या प्रशासनावर पाच टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. तिच्या बारा जणांच्या नियामक मंडळातले सहा सदस्य राज्यपाल आपल्या पसंतीने नेमतात, तर सहा जण विद्यापीठे आणि संशोधन संस्थांनी निवडून पाठवलेल्या नावांतून घ्यावे लागतात. तिथला राज्यपाल निवडून आलेला कार्यकारी प्रमुख असतो, हे लक्षात घेतले की या रचनेतला तोल कळतो. राज्याची तीन विद्यापीठेही विक्रीकराच्या ठरावीक टक्केवारीवर चालतात. या सहा दशकांत ब्राझीलने लष्करी राजवट पाहिली, महागाईचा भडका पाहिला, केंद्रीय विज्ञानखर्चातली मोठी कपात पाहिली. पण साओ पावलोच्या प्रयोगशाळा बंद पडल्या नाहीत. २०२० मध्ये राज्य सरकारने या संस्थांची शिल्लक आपल्या तिजोरीत ओढण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा वैज्ञानिकांनी आणि नागरिकांनी विरोध करून विद्यापीठांना आणि फापेस्पला त्यातून वगळायला लावले. कायद्याने दिलेल्या हक्कासाठी उभे राहता येते. कृपेने मिळालेल्या अनुदानासाठी तसे उभे राहता येत नाही.

पैसा स्थिर असला की सहकार्याचे धाडस करता येते, हेही साओ पावलोनेच दाखवले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या संत्राबागांत एक जिवाणूजन्य रोग पसरला. फळे बारीक आणि टणक होऊ लागली, झाडे वाळू लागली. १९९७ मध्ये फापेस्पने ठरवले की, या झायलेला नावाच्या जिवाणूची संपूर्ण जनुकीय क्रमवारी राज्यातच लावायची. त्या वेळी राज्यात अशी मोठी जनुकीय प्रयोगशाळा नव्हती. एखादी भव्य संस्था बांधण्याऐवजी फापेस्पने राज्यभर विखुरलेल्या तीसहून अधिक लहान-मोठ्या प्रयोगशाळांना एकेक तुकडा वाटून दिला, सारखी यंत्रे दिली, काम संगणकाच्या जाळ्याने जोडले आणि बागायतदारांच्या निधीलाही त्यात भागीदार केले. जुलै २००० मध्ये ‘नेचर’ने सुमारे २७ लाख अक्षरांची ही क्रमवारी प्रसिद्ध केली. वनस्पतींना रोग करणाऱ्या कोणत्याही जिवाणूची ती जगातली पहिली पूर्ण क्रमवारी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कामातून शेकडो तरुणांना नवे तंत्र हस्तगत झाले, त्यांतून उसाच्या जनुकांचा प्रकल्प उभा राहिला आणि खासगी जैवतंत्रज्ञान कंपन्याही निघाल्या. विदर्भातल्या संत्राबागा डिंक्याने आणि कोळशीने जेरीस येतात. त्यांच्या बाबतीत राष्ट्रीय संस्था, कृषी विद्यापीठ, नागपूर-अमरावतीची विद्यापीठे आणि बागायतदार यांना एका दीर्घ कार्यक्रमात बांधणारी अशी यंत्रणा राज्याजवळ नाही.

सहकार्याची बीजे मात्र महाराष्ट्रात आहेत. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका स्थापन झाली, ती मुळात विद्यापीठांसाठी. देशभरातल्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी तिथे सहयोगी म्हणून यावे, ग्रंथालय, संगणक आणि दुर्बिणी वापराव्यात, परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना त्यात गुंतवावे, अशी तिची घडण आहे. खगोलशास्त्राची परंपरा नसलेल्या कितीतरी गावांत त्यामुळे या विषयाचे संशोधक तयार झाले. महासाथीत पुण्याने आणखी एक उदाहरण घालून दिले. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर, फरिदाबाद आणि वेल्लोरच्या संस्था आणि पुणे महापालिका यांनी मिळून शहरातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांच्या रक्ताची तपासणी केली. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. नोंदलेल्या रुग्णसंख्येपेक्षा प्रत्यक्ष संसर्ग किती पटींनी पसरला होता, हे त्यातून कळले. विद्यापीठाला वस्ती आणि माणसे माहीत होती, संशोधन संस्थेला तंत्र अवगत होते आणि महापालिकेकडे अधिकार होते. तिघांनी एकत्र येणे शक्य होते हे सिद्ध झाले, पण त्यासाठी संकटाची वाट पाहावी लागली. सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसणारा माकडताप, विदर्भ-नंदुरबारमधला सिकलसेल आजार, मराठवाड्यातले खालावत जाणारे भूजल हे प्रश्न संथ गतीने छळतात आणि त्यांच्यासाठी असे एकत्र येणे घडत नाही.

सहकार्याच्या नावाखाली काय होऊ शकते, याची सावधगिरीही हवी. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने एका समर्थ संस्थेभोवती काही उदयोन्मुख विद्यापीठे जोडण्याची योजना सुरू केली आहे. दिशा योग्य आहे. पण प्रश्न मोठ्या संस्थेने ठरवायचा, उपकरणे तिच्याकडे राहायची, शोधनिबंधावर पहिले नाव तिचे आणि छोट्या विद्यापीठाने नमुने गोळा करून द्यायचे, असे झाले तर दुबळा जोडीदार दुबळाच राहतो. पैसा केंद्राचा आणि समर्थ संस्थाही केंद्राची असताना छोट्या विद्यापीठाच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. राज्याने त्या विद्यापीठाच्या हाती स्वतःचा वाटा दिला, तर ते बरोबरीने बसू शकते. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ इथे होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाची कसोटी हीच असेल. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी दिली. राज्याने जमीन दिली. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा मराठवाड्यात उभी राहणार. पण नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत लेझर, निर्वात तंत्र, अचूक मापन आणि विदाविश्लेषण यांत शिकलेली माणसे आजपासून घडवली नाहीत, तर त्या भागाच्या वाट्याला पहारेकऱ्यांच्या आणि वाहनचालकांच्या नोकऱ्या येतील. हे घडू द्यायचे की नाही, हा निर्णय दिल्लीचा नाही, राज्याचा आहे.

या सर्वांवर पहिला आक्षेप असा येतो की, विज्ञान हे केंद्राचे काम आहे. राज्यघटना तसे म्हणत नाही. उच्च शिक्षणाचा आणि संशोधनाचा दर्जा ठरवणे आणि समन्वय साधणे केंद्र सूचीत आहे, हे खरे. पण कृषी शिक्षण आणि संशोधन, सार्वजनिक आरोग्य, पाणी हे राज्य सूचीतले विषय आहेत आणि विद्यापीठांसह शिक्षण समवर्ती सूचीत आहे. ज्या विषयांवर कारभार राज्याने करायचा, त्या विषयांचे ज्ञान मात्र दुसऱ्याने मिळवून द्यावे, ही अपेक्षाच चूक आहे. केरळने हे ओळखून सत्तरच्या दशकात वनसंशोधन, भूविज्ञान, वनस्पतिउद्यान अशा स्वतःच्या संस्था काढल्या. राज्याने सुरू केलेली तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था १९८० मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि तिने कमी खर्चाची हृदयझडप देशाला दिली. राज्याने आधी पैसा घातला म्हणून केंद्राचा पैसा मागून आला. राज्य हात राखून बसले असते तर केंद्राला आधार देण्यासारखे तिथे काही नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शाळांची छपरे गळत असताना, शेतकरी कर्जात असताना, राज्यावर कर्जाचा डोंगर असताना संशोधनावर खर्च कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांची कळकळ खरी आहे आणि म्हणूनच रकमेचा हिशोब मांडायला हवा. महाराष्ट्राचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे सात लाख कोटींचे आहे आणि राज्याचे स्वतःचे करउत्पन्न तीन लाख कोटींच्या पुढे आहे. त्याचा एक दशांश टक्का म्हणजे तीनशे कोटींहून अधिक रक्कम होते. एवढ्याने कोणत्याही कल्याणकारी योजनेला धक्का लागत नाही, पण राज्यातल्या विद्यापीठांतल्या शेकडो संशोधन गटांना पाच-पाच वर्षांचा आधार मिळतो. शिवाय गरिबांचे प्रश्न आणि संशोधन यांना परस्परविरोधी मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि ती पद्धत पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून कोकणातले मृत्यू रोखले. सर्वांत गरीब माणसाचा जीव वाचवणारे हे संशोधन होते. ते विलक्षण माणसांच्या जिद्दीवर झाले. राज्याची व्यवस्था असती तर अशा कामाला विलक्षण जिद्दीची अट राहिली नसती आणि असे संशोधक दोन-चार न राहता शेकड्यांनी निघाले असते.

तिसरा आक्षेप वैज्ञानिकांकडूनच येतो: पैसा थोडा असताना तो उत्तम संस्थांनाच द्यावा, सर्वत्र शिंपडला तर कुठेच काही उगवणार नाही. अमेरिकेत हाच वाद १९७० च्या दशकात झाला. संशोधननिधी मोजक्या राज्यांत एकवटतो म्हणून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९७९ मध्ये मागे पडलेल्या राज्यांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. आर्कान्सा, मेन, माँटाना, साउथ कॅरोलिना आणि वेस्ट व्हर्जिनिया ही पहिली पाच राज्ये होती. राज्याने आपली समिती नेमावी, आपले बळ कुठे आहे ते ठरवावे आणि आपलाही वाटा घालावा, ही त्यातली मुख्य सूत्रे होती. या कार्यक्रमाचे मूल्यमापन संमिश्र आहे. एकूण निधीतला या राज्यांचा वाटा फार हळू हलला आणि सामील राज्यांची संख्या पाचावरून पंचवीसच्या वर गेली. आक्षेप घेणारे याकडे बोट दाखवतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही २०२२ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने या राज्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले. कारण राष्ट्राची बुद्धिमत्ता दोन किनाऱ्यांपुरती वसलेली नाही, हे तिला पटले आहे. महाराष्ट्राने यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. समान वाटप नको, निवड हवी. प्रत्येक विद्यापीठाला सगळे विषय देण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या परिसराशी जुळणारे एक-दोन विषय निवडावेत, त्यांत स्पर्धेने निधी मिळवावा आणि दर पाच वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घ्यावे. गोंडवाना विद्यापीठाने वन आणि आदिवासी आरोग्य, कोकणातल्या संस्थांनी किनारा आणि भातशेती, मराठवाड्याने पाणी आणि मापनविज्ञान निवडले, तर शक्ती विखुरणार नाही.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे. निधी काढला तरी तो वशिल्याने वाटला जाईल, किंवा माणसेच नसल्याने खर्चच होणार नाही. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्हींचे उत्तर रचनेत आहे. राज्याने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग नेमला, डॉ. अनिल काकोडकरांसारखे अध्यक्ष त्याला लाभले, गडचिरोलीसारख्या ठिकाणी त्याने केंद्रही उभे केले. कमी पडला तो नियमाने येणारा पैसा. म्हणून नवी संस्था काढण्यापेक्षा या आयोगाला कायद्याने ठरलेल्या निधीचे बळ द्यावे. निवड राज्याबाहेरच्या परीक्षकांकडून व्हावी, मंजूर-नामंजूर प्रस्तावांची कारणे जाहीर व्हावीत, प्रशासनखर्चावर कमाल मर्यादा असावी आणि न खर्चलेला पैसा ३१ मार्चला परत न जाता पुढच्या वर्षी वापरता यावा. माणसांच्या बाबतीत तर टाळाटाळीला जागाच नाही. प्राध्यापकांची मंजूर पदे भरणे ही पहिली अट आहे. ती पूर्ण न करता काढलेला कोणताही निधी कागदावर राहील. अधिछात्रवृत्तीच्या प्रत्येक रुपयामागे त्या प्रयोगशाळेला ठरावीक अनुदान आणि प्रत्येक मोठ्या उपकरणामागे देखभालीची आणि तंत्रज्ञाची तरतूद, हे दोन नियम केले तरी आजच्या खर्चाचे फळ वाढेल.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हे काम आता हाती घ्यावे. राज्याच्या करउत्पन्नाचा एक दशांश टक्का संशोधनासाठी कायद्याने बांधावा, दहा वर्षांत तो अर्ध्या टक्क्यापर्यंत न्यावा, त्यातला ठळक हिस्सा केंद्रीय संस्था आणि राज्य विद्यापीठे यांच्या संयुक्त कार्यक्रमांसाठी राखावा आणि अशा प्रत्येक कार्यक्रमात राज्य विद्यापीठाला सहप्रमुखाचा दर्जा असावा. ज्या राज्याने रोजगाराची हमी देशाच्या कितीतरी आधी कायद्यात लिहिली, त्याला संशोधनाची हमी लिहिणे अवघड नाही. वैज्ञानिकांनी, प्राध्यापकांच्या संघटनांनी आणि विज्ञान परिषदांनी ही मागणी अर्थसंकल्पाच्या चर्चेत नेली पाहिजे आणि मतदारांनी आपल्या आमदाराला विचारले पाहिजे की, आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठात किती पदे रिकामी आहेत आणि तिथली प्रयोगशाळा कोणत्या पैशावर चालते. या प्रश्नाचे उत्तर देणे लोकप्रतिनिधींना भाग पडेल, त्या दिवसापासून राज्याच्या संशोधनक्षमतेची उभारणी खऱ्या अर्थाने सुरू होईल.